काही आपत्ती नाही

केसरबाईला कोणी 'कशी आहेस' म्हणून विचारलं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. उजवा हात छातीशी नेऊन, डोळे किंचित मिटून ती म्हणायची, "मारोतीच्या किरपेनं काई आपत्ती नाई." अंगात ताप असला तरी हेच. कापसाच्या बोंडांनी बोटं फाटून रक्त आलेलं असलं तरी हेच. वडझिऱ्यातल्या बाया पाठीमागं तिला आपत्तीबाई म्हणत आणि तोंडावर पाया पडत. तिच्या मुलाला, कवडूला, हे वाक्य जन्मापासून इतकं ऐकून झालं होतं की त्यात शब्द आहेत हेही तो विसरून गेला होता. पुढं याच वाक्यापायी घरची विहीर गेली, तेव्हा ते त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

ती इथली नव्हती. वर्धा नदीपलीकडची, वरूडच्या बाजूची. मानमोडीच्या साथीत एका पंधरवड्यात नवरा गेला, दोन लेकरं गेली, आणि तिसरं पोटात राहिलं. ते जन्मलं तेव्हा जगावं म्हणून सुईणीला एका कवडीला विकलं, आणि त्या कवडीवरून त्याचं नाव कवडू पडलं. दिरानं भावजयीला किती दिवस पोसायचं याचा विचार महिनाभर केला आणि मग विचार करणं सोडून दिलं. कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या टोळीमागं केसरबाई तान्हं पोर काखेला मारून चालत सौंसरकडं, वडझिऱ्याला आली. वाटेत जामसांवलीच्या मारोतीपाशी पोर मरता मरता वाचलं, एवढंच ती पुढं सांगायची. वेचा संपला, बाया परत गेल्या, ही राहिली.

वडझिऱ्याचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, दादाजी. त्यांच्या घरी तिनं बारा वर्षं शेणगोठा केला. म्हातारपणी दादाजींना काय वाटलं कोण जाणे, नाल्याकाठचा एक पडीत तुकडा दाखवून ते म्हणाले, "केसर, हे फोड अन् खाय." तुकडा कसला, गोटेच होते. केसरबाईनं हातात सब्बल घेतली. चार वर्षं मायलेकांनी दगड उपटले आणि त्याच दगडांचा वावराभोवती धुरा रचला. पुढं तीन उन्हाळे दोघांनी पूर्वेच्या कोपऱ्यात विहीर खोदली. कवडू खाली, ती वर दोरीला. पाणी लागलं त्या दिवशी ती पहिला गडवा घेऊन तशीच जामसांवलीला पायी गेली आणि निजलेल्या मारोतीच्या पायावर ओतून आली. ताजं पाणी कवडूला दुसऱ्या गडव्यातलं मिळालं.

स्वराज्य आलं, मालगुजारी गेली. कागदावर 'केसरबाई बेवा सीताराम' असं नाव चढलं. ते तिला वाचता येत नव्हतं, पण कागद ती मारोतीच्या तसबिरीमागं ठेवायची आणि शनिवारी त्यालाही उदबत्ती ओवाळायची. मग राज्यं नव्यानं वाटली. नागपूर तिकडं गेलं, वरूड तिकडं गेलं, सौंसर-पांढुर्णा इकडं मध्य प्रदेशात राहिलं. वऱ्हाडातून उठून एका नदीपलीकडं आलेली केसरबाई बसल्याजागी परराज्यातली झाली. कवडूनं ही बातमी मोहगावच्या बाजारातून आणली तेव्हा ती जात्यावर ज्वारी दळत होती.

"मारोती कोण्या राज्यात आला?" तिनं विचारलं.

"आपल्याच."

"मंग झालं." आणि तिनं पुढची मूठ जात्यात घातली.

त्यानंतरच्या चैतात गावात जमिनीच्या नोंदींचा कॅम्प लागला. दादाजी तोवर वारले होते. त्यांचा पुतण्या भैय्याजी याचं वावर केसरबाईच्या वावराला लागून होतं, आणि नवी संत्र्याची बाग लावल्यापासून त्याची नजर विहिरीवर होती. पूर्वेचा कोपरा दादाजींच्या घरच्या शेतीतला आहे, तो आपल्या नावावर व्हावा, असा अर्ज त्यानं दिला. कॅम्पच्या दिवशी कवडू गावात नव्हता. भैय्याजीचीच संत्री बंडीत भरून तो पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गेला होता. भैय्याजीनं मुद्दाम धाडलं की संत्री खरंच पिकली होती, याचा निकाल गावात अजून लागलेला नाही.

साहेब नवा होता, जबलपूरकडचा, शुद्ध बोलणारा. आधीचे साहेब नागपूरकडचे, ते हरकत म्हणत, उजर म्हणत. बाजाराची हिंदी तर सगळ्यांनाच येई. या साहेबाची हिंदी पोथीतून आल्यासारखी होती. चावडीच्या ओट्यावर कागद वाचून झाला, आणि खाली पदर सावरून बसलेल्या म्हातारीकडं बघून त्यानं आदरानं विचारलं, "माताजी, आपको कोई आपत्ति है?"

कागदातलं केसरबाईला काही कळलं नव्हतं. पण हा प्रश्न कळला. उभ्या जन्मात कुठल्या साहेबानं तिची विचारपूस केली नव्हती. तिचा चेहरा उजळला. हात छातीशी गेला.

"मारोतीच्या किरपेनं काई आपत्ती नाई, साहेब."

"लिखो, कोई आपत्ति नहीं," साहेब म्हणाला. तिचा अंगठा घेतला. भैय्याजी नागपूरला मॅट्रिकपर्यंत शिकलेला होता. त्याला दोन्हीकडची आपत्ती ठाऊक होती. तो गप्प बसला. त्याचा गुन्हा तेवढाच, पण तेवढा पुरला.

तिसऱ्या दिवशी कवडू बंडी घेऊन परतला, तर विहिरीभोवती बोरीच्या काट्यांची कुपाटी उभी होती. त्याची बायको वच्छला रिकामी घागर मांडीवर घेऊन दारात बसली होती. आत केसरबाई छायाची वेणी घालत होती. छाया सात वर्षांची, आजीचं शेपूट.

"माय, तू काय बोलली साहेबाले?"

"काई नाई बोलली. त्यानं इचारलं, म्या सांगतलं."

"काय सांगतलं?"

"काई आपत्ती नाई म्हटलं."

"भैय्याजी म्हणते, तुमच्या मायनं आपल्या तोंडानं सांगतलं, घ्या म्हणून."

"घ्या असं म्या नाई म्हटलं." एवढंच ती बोलली. 

भाबडेपणानं दान करून बसली, असं कवडूनं धरलं. देवाधर्माच्या नादात बुढीला देणंच सुचतं, घेणं सुचत नाही. त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला. जेवताना काही लागलं तर छायाला सांगायचा, "आजीले सांग, मीठ दे." आजी तिथं हातभर अंतरावर बसलेली असायची.

तो उन्हाळा वाईट गेला. नाला आटला. प्यायचं पाणी भैय्याजी अडवत नव्हता, तेवढी लाज त्याला होती, पण आधी त्याचे बैल प्यायचे, मग बागेला मोट चालायची, आणि मग त्याचा सालदार गुणवंता कुपाटीचं झापड बाजूला करायचा. वच्छला उन्हात उभी राहायची. "थांबा वहिनी, बैल पिऊन राहिले," असं गुणवंता खाली बघून म्हणायचा. तोही गरीबच होता. एकदा वच्छलेला भोवळ आली म्हणून केसरबाई स्वतः घागर घेऊन गेली. जी दोरी ओढून ओढून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते, त्या विहिरीवर ती बैलांच्या मागं उभी राहिली. भैय्याजी बागेतून आला, जरा ओशाळला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "काय केसरबाई, कसं काय?"

"मारोतीच्या किरपेनं काई आपत्ती नाई, भैय्याजी."

कवडू पलीकडं धुऱ्यावर फावड्यानं धसकटं काढत होता. त्यानं ते ऐकलं. हातातलं फावडं त्यानं असं फेकलं की दगडावर आपटून त्याचा दांडा तुटला. त्या दिवशी आई त्याला परक्याहून परकी वाटली. पुढं त्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

पावसाळा लागला, कापसाची पऱ्हाटी वर आली, डवरणी झाली. पोळ्यानंतर कवडू सौंसरला गेला होता, तिथं विनायक अर्जनवीस भेटला. कचेरीसमोरच्या लिंबाखाली पेटीवर कागद ठेवून हा विनायक लोकांचे अर्ज लिहायचा. जुना माणूस. मराठीत विचार करायचा आणि हिंदीत लिहायचा, आणि दिवसभर तेच करून त्याचं डोकं दुखायचं. कवडूनं त्याला कॅम्पचा कागद दाखवला. विनायकनं चष्मा वर केला.

"तुही माय तयार होती?"

"तयार कायची! साहेबानं इचारलं, आपत्ती हाये का. ते म्हणे, नाई. ते तं सगळ्यायलेच तसं म्हणते. मेली तरी म्हणीन."

विनायकनं टाक खाली ठेवला.  कपाळावर हात मारून घेतला.

"अरे गाढवा, त्यायच्या आपत्तीचा अर्थ हरकत! जमीन देऊन राहिलो, हरकत हाये का, असं इचारलं साहेबानं. अन् तुह्या मायले वाटलं, घरी दुखणंखुपणं हाये का म्हणून इचारून राहिला."

कवडू तिथंच मातीत बसला. चैत ते भादवा, पाच महिने तो आईशी बोलला नव्हता.

घरी येऊन त्यानं तिला सगळं सांगितलं. ती तुरीची डाळ पाखडत होती. सूप थांबलं. विहीर, कागद, भैय्याजी, यातलं काहीच तिनं आधी विचारलं नाही.

"मंग साहेब माह्याबद्दल नोता इचारत?"

"नाई, माय."

"मले वाटलं, भला माणूस हाये. दूरचा असून बुढीले इचारून राहिला." ती जरा हसली आणि पुन्हा पाखडू लागली. कवडूला तिथून उठून गोठ्यात जावं लागलं.

विनायकनं अर्ज लिहिला. कार्तिकात तारीख पडली. त्याच साहेबापुढं केसरबाईनं नवं बयान द्यायचं होतं. विनायक म्हणाला, सोपं आहे. मागच्या कागदावर तिच्या तोंडचं 'नाही' आहे, आता तिच्याच तोंडचं 'आहे' पाहिजे. दुसऱ्या कोणाचं चालणार नाही. "साहेब इचारन, आपत्ति है? आजीनं म्हणाचं, आपत्ती हाये. बस, खलास."

तारखेच्या चार दिवस आधी वावरात सीतादही झालं. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी धुऱ्याशी पाच खडे मांडून दहीभात शिंपतात, तो रिवाज. वच्छलेनं खड्यांना हळदकुंकू लावलं. केसरबाई नेहमीसारखी मागं उभी राहून सांगत होती, भात इकडं शिंप, तिकडं शिंप. पाणी शिंपडायला विहिरीचं आणायचं, ते या वेळी गुणवंताकडून मागून आणलं. वेचा सुरू झाला. पुढं तासात वच्छला, मागं केसरबाई, ओट्यात कापूस भरत चाललेल्या. कवडू आईच्या शेजारच्या तासाला लागला.

"माय, सोमवारी काय म्हणाचं, ध्यानात हाये ना?"

ती वेचत राहिली.

"आपत्ती हाये म्हणजो. एवढंच."

"ते मी नाई म्हणणार."

"काहून?"

"तुमी दुसरं काई सांगा. जमीन माही हाये म्हणते. हीर म्या खंदली म्हणते. हातावरचे घट्टे दाखवते. ते नाई म्हणणार."

"अवं, त्यायच्या भाषेत त्याचा अर्थ—"

"त्यायच्या भाषेत असन. मी तं माह्या तोंडानं म्हणीन ना."

कवडूनं समजावलं. वच्छलेनं समजावलं. तीन दिवस हेच चाललं. काहून, याचं उत्तर ती देत नव्हती.  शेवटच्या दिवशी कापसाचं गाठोडं डोक्यावरून उतरवताना कवडूचा तोल गेला.

"तुले देव मोठा, लेकराचं तोंड लहान! अवं एक शब्द मांगून राहिलो, एक! लहानपणी तिथं जामसांवलीलेच मेलो असतो तं बरं झालं असतं!"

केसरबाईनं त्याच्या तोंडावर हात मारला. अडतीस वर्षांच्या लेकाला, बायको-पोरीदेखत. जन्मात पहिल्यांदा. मग तोच हात तिनं त्याच्या तोंडावर तसाच दाबून धरला, जणू आत काही राहिलं असेल तर तेही बाहेर पडू नये.  छाया रडायला लागली. कोणी जेवलं नाही.

सोमवारी ती पहाटे अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बंडीत आपणहून बसली. 

कचेरीत गर्दी होती. पुकारा झाला तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. साहेबानं जुना कागद पाहिला, नवा पाहिला. भैय्याजी एका बाजूला उभा होता, टोपी हातात घेऊन.

"माताजी, पिछली बार आपने कहा था, आपत्ति नहीं है. अब क्या कहती हैं? आपत्ति है या नहीं?"

विनायकनं तिला बाहेर एक मराठी शब्द सुचवून ठेवला होता. चालला तर चालला, बघू, म्हणून. केसरबाई म्हणाली, "हरकत हाये."

साहेबानं भुवया वर केल्या. त्याच्या हिंदीत हरकत म्हणजे खोडी. "हरकत? किसने की हरकत?"

"म्या, साहेब. माही हरकत हाये."

मागचे लोक हसले. शिपाईही हसला. साहेबाला त्यात काय हसण्यासारखं आहे ते कळेना. आपलीच थट्टा होते आहे असं वाटून तो चिडला. विनायक पुढं होऊन सांगू लागला, तर साहेबानं त्याला हातानं थांबवलं. "नहीं, इन्हीं को कहने दो. एक बार पलट चुकी हैं. हाँ या ना?"

कवडू आईच्या मागं दोन हातांवर उभा होता. केसरबाई वळली. तिनं त्याच्याकडं पाहिलं. आधी तोंडाकडं, मग छातीकडं, मग पार पायांच्या नखांपर्यंत, सावकाश, बाजारातून घरी आणलेलं वासरू धड आहे का बघावं तसं. मग तिनं खिडकीकडं तोंड केलं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. साहेबानं टेबलावर बोट वाजवलं.

"आपत्ती हाये," केसरबाई म्हणाली. मग मोठ्यानं, सबंध खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मले हाये. माही एकटीची हाये. दुसऱ्या कोणाची नाई."

"लिखो," साहेब म्हणाला.

बाहेर आल्यावर विनायक खुश झाला, आजीनं एकटीची म्हटलं हे फार चांगलं झालं म्हणाला, दुसरा हक्कदार निघत नाही. कवडूनंही हसून मान हलवली. आईनं शेवटी ऐकलं, याचाच आनंद त्याला झाला होता.

परत येताना जामसांवलीच्या फाट्यावर ती म्हणाली, "बंडी आत घे." देवळापाशी पिंपळाखाली बंडी उभी राहिली. कवडूनं पाय धुतले, नारळ घेतला. पाहतो तर केसरबाई उतरली होती, पण पुढं येत नव्हती. चपला काढायच्या दगडांपाशी, भिकारी बसतात तिथं ती खाली बसली होती.

"चाल ना, माय."

"तू जाय. मी इथूनच."

"काहून? दर्शन घे ना."

"आता काय तोंड दाखवू त्याले?"

कवडू नारळ हातात घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. तेव्हा तिनं सांगितलं. अडतीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

"तू दीड महिन्याचा होता. वाटनंच तुले आकडी आली. अंग निळं पडलं. टोळीतल्या बाया म्हणे, पुरून टाक अन् चाल, वेचा सुरू होऊन राहिला. म्या तुले इथं आणून टाकलं, त्याच्या पायापाशी. इथं एक बाबा बसे. मी रडून राहिली, नवरा गेला, दोन लेकरं गेली, हेबी चाललं. बाबा म्हणे, बाई, तुही सगळी आपत्ती इथं ठेवून जाय. पण मंग ते पुन्हा तोंडातून काढजो नको. आपत्ती हाये असं जवा म्हणशीन, तवा ते तुही तुह्या घरी परत येईन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "संध्याकाळी तू दूध प्याला."

पिंपळाची पानं हलत होती. कोणीतरी आत घंटा वाजवली.

"तवापासून म्या काढलं नाई. भूक लागली तरी नाई, विंचू चावला तरी नाई. कोणी इचारलं का मी सांगे, नाई म्हणून. त्यालेच सांगे मी. माह्या ध्यानात हाये, असं म्हणे मी."

"मंग आज काहून बोलली?" कवडूनं विचारलं.

"तू म्हणला ना बाप्पा."

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भिऊ नको. बोलाच्या आधी म्या त्याले सांगून ठेवलं. परत धाडशीन तं माह्यावर धाड. एकटीची म्हटलं ना म्या? सगळ्यायच्या देखत म्हटलं."

कवडू मोठा माणूस होता, गावात चार माणसं त्याचं ऐकत. देवळाच्या दारात चपलांमध्ये बसून तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. आपण काय मागितलं होतं ते त्याला तिथं कळलं.

पुढचे दिवस केसरबाईनं त्याची पाठ सोडली नाही. तो वावरात निघाला की ती काठी घेऊन पुढं, गवत बडवत, साप असेल तर आपल्याला आधी डसावा म्हणून. त्याच्या ताटातला पहिला घास ती खायची. त्याला झाडावर चढू द्यायची नाही, आणि बैल जुंपताना मध्ये उभी राहायची. वच्छलेला वाटायचं म्हातारीला चळ लागला.  कवडू तिला काठी बडवू द्यायचा आणि आपण पावलं लहान टाकायचा.

पुसाच्या महिन्यात हुकूम आला. पूर्वेचा कोपरा विहिरीसकट केसरबाईचा. भैय्याजीनं कुपाटी स्वतः काढून नेली. जाताना तो केसरबाईच्या पायाला हात लावायला वाकला, तर तिनं 'राहू द्या, राहू द्या' म्हणून पदर सावरला. पहिली घागर तिनं ओढली. थंडी कडाक्याची होती आणि पाणी कोमट लागत होतं. ती पुन्हा पुन्हा त्यात हात बुडवत राहिली.

माघात तिला खोकला लागला. मग ताप आला, आणि बरगडीत दुखू लागलं. सौंसरहून डॉक्टर आणला, त्यानं सुई दिली, मान हलवली. कवडू उशाशी बसून होता. आईचा श्वास अडकला की त्याचा हात आपल्या तोंडाकडं जायचा, तीन महिन्यांपूर्वी त्या तोंडानं काय मागितलं होतं ते आठवून. वच्छला गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि वाकून म्हणाली, "आत्याबाई, कसं वाटते?"

घरातली सगळी थांबली. सवयीनं हात छातीकडं जाईल असं वाटलं. तो गेला नाही. केसरबाईनं मान वळवून कवडूकडं पाहिलं. तो धडधाकट बसला होता. तिच्या तोंडावर असं समाधान आलं, की लोकांना ते पुढं सांगूनही खरं वाटलं नाही.

"हाये वं," ती म्हणाली. "आपत्ती हाये. माह्यापाशीच हाये."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती गेली.

तेरावं झालं. वारसाची नोंद करायची म्हणून चैतात पुन्हा कॅम्प लागला तेव्हा कवडूला बोलावणं आलं. तीच चावडी, तोच ओटा. साहेब दुसरा होता, तरुण, घाईतला. त्यानं कागद वाचला. मृत केसरबाई बेवा सीताराम, तिच्या जागी मुलगा कवडू वल्द सीताराम, जमीन अमुक, विहीर एक, पक्की. वाचून त्यानं समोर बसलेल्या लोकांवर नजर फिरवली.

"किसी को कोई आपत्ति?"

भैय्याजी पहिल्या रांगेत होता. त्यानं खाली बघून मान हलवली. गुणवंतानं हलवली.  साहेब कवडूकडं वळला. "और तुम्हें? जैसा लिखा है, उसमें तुम्हें कोई आपत्ति?"

आता कवडूला त्या शब्दाचा सरकारी अर्थ चांगला ठाऊक होता. नहीं, एवढं म्हणायचं होतं. पण आई ज्या जागी पदर सावरून बसली होती तिथंच तो उभा होता, आणि कोणीतरी विचारत होतं. घरात जातं तसंच पडलं होतं. छाया अजून ताट मांडताना एक जास्त मांडायची. वावरात जाताना पुढं काठी वाजत नव्हती. साहेबानं लेखणी उचलून धरली होती, त्याला अजून सात गावं करायची होती.

"अरे भाई, बोलो."

कवडूचा उजवा हात आपोआप छातीशी गेला. त्यानं डोळे किंचित मिटले.

"मारोतीच्या किरपेनं," तो म्हणाला, "काई आपत्ती नाई."

साहेबानं लिहून घेतलं. कवडूनं सही केली, टोपी घातली आणि बैलांना पाणी पाजायचं राहिलं होतं म्हणून तो वावराकडं निघाला.